हिरवेपण सोडलेली फुलं

१७७५ साली स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात कार्ल पेटर थुनबर्गनं दक्षिण आफ्रिकेतल्या एका विलक्षण बुरशीचं वर्णन छापलं. थुनबर्ग हा लिनियसचा शिष्य, पुढं जपानच्या वनस्पतींवर मोठं काम केलेला माणूस. तिथल्या कोरड्या प्रदेशात, युफोर्बियाच्या झुडपांखाली, जमिनीतून अर्धवट वर आलेली ती तपकिरी सालीची, आतून मांसल आणि तांबूस रंगाची वस्तू होती. तिला पान नव्हतं, खोड म्हणावं असं काही दिसत नव्हतं, हिरवा ठिपकाही कुठं नव्हता. त्या काळच्या विचारानं ती बुरशीच ठरायची. थुनबर्गनं तिला हिड्नोरा आफ्रिकाना असं नाव दिलं. ही सपुष्प वनस्पती आहे, मिरीच्या गणातली आहे आणि जमिनीवर दिसतं ते अख्खं एक फूल आहे, हा उलगडा नंतर झाला. फुलाखालचा देह युफोर्बियाच्या मुळाला चिकटलेला असतो आणि आयुष्यभर त्याच्याच रसावर वाढतो.

अशा वनस्पतींना आपण परजीवी म्हणतो. परजीवी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आंब्यावरचं बांडगूळ नाहीतर कुंपणावरची पिवळी अमरवेल येते, कारण त्या दोन्ही डोळ्यांना दिसतात. प्रत्यक्षात जगभरच्या साडेचार हजारांहून अधिक परजीवी फुलझाडांपैकी निम्म्याहून जास्त जातींचा यजमानाशी संबंध जमिनीखाली, मुळाशी जुळतो. सपुष्प वनस्पतींत शंभरातली एक जाती परजीवी आहे आणि ही जीवनपद्धती उत्क्रांतीच्या ओघात किमान १२ वेळा स्वतंत्रपणे उगम पावली, असं आताची आनुवंशिक वंशावळ सांगते. म्हणजे हिड्नोरा, चंदन आणि ज्वारीतला टारफुला यांचा परजीवीपणाच्या बाबतीत एकमेकांशी काही संबंध नाही. प्रत्येकाच्या घराण्यानं ही वाट आपापली शोधली.

या लेखात मी मुख्यतः झुडपांच्या मुळांवर जगणाऱ्या रानफुलांचा विचार करणार आहे. याला कारण आहे. मुळांवरच्या परजीवींबद्दल गेल्या साठ वर्षांत जे मोठे शोध लागले, त्यांतले बहुतेक शेतातल्या तणांवरून लागले. टारफुला ज्वारी-मक्याचं नुकसान करतो, बंबाखू तंबाखू, वांगी, टोमॅटो आणि मोहरीचं. त्यामुळे पैसा, प्रयोगशाळा आणि माणसं तिकडं गेली, आणि ते रास्तच होतं. पण त्यातून परजीवी वनस्पतीचं जे सर्वसाधारण चित्र तयार झालं, ते एका हंगामात उगवून, फुलून, लाखांनी बी सांडून, यजमानाला लोळवून मोकळं होणाऱ्या तणाचं आहे. झुडपावरच्या परजीवीचं जगणं वेगळ्या हिशेबानं चालतं. झुडूप वर्षानुवर्षं उभं असतं. त्याला मारलं तर पुढच्या सालची पोटापाण्याची सोय संपते. या दुसऱ्या चित्राला परजीवीशास्त्रात बरोबरीची जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडी भाऊबंदकी पाहू. मुळांवरच्या परजीवींचं सर्वांत मोठं कूळ ओरोबँकेसी. त्यात सुमारे दोन हजार जाती आहेत. पूर्वी या कुळात फक्त बंबाखूसारख्या बिनहिरव्या वनस्पती होत्या आणि टारफुल्यासारख्या हिरव्या, पण मुळांतून चोरून पिणाऱ्या, जाती स्क्रोफुलॅरिएसी या दुसऱ्या कुळात घालत. २००१ च्या सुमारास डीएनएच्या पुराव्यानं ते जुनं कूळ मोडलं आणि हिरवे-बिनहिरवे सगळे परजीवी एका घरात आले. त्यांच्या शेजारी आणखी एक वनस्पती येऊन बसली: लिंडेनबर्गिया. महाराष्ट्रात जुन्या भिंतींच्या आणि किल्ल्यांच्या तटांच्या फटींत उगवणारी, पिवळ्या फुलांची ही साधी वनस्पती कुणावरही जगत नाही. तरी तिचं मूळ घराण्याच्या अगदी पायाशी आहे. पूर्ण स्वावलंबी, अर्धी परजीवी आणि पूर्ण परजीवी अशा तिन्ही पायऱ्या एकाच कुळात सापडतात, असं हे एकमेव कूळ. संशोधकांना ते इतकं प्रिय का, हे त्यावरून कळतं.

मधल्या पायरीवरची मंडळी आपल्या सड्यांवर भरपूर आहेत. पावसाळ्यात पठारावर फुलणारी दुधाळी आणि पांढऱ्या, लांब नळीच्या फुलांची तुतारी या दोन्ही अर्धपरजीवी. पानं हिरवी, साखर स्वतः बनवायची, पण पाणी आणि क्षार शेजारच्या मुळांतून घ्यायचे. कास पठारावर हौसेनं त्यांचे फोटो काढणाऱ्यांना पायाखाली काय व्यवहार चाललाय याची कल्पना नसते, कारण माहितीफलकांवर हा भाग क्वचितच येतो. चंदनाचंही तसंच. चंदन मुळांवरचा अर्धपरजीवी आहे, हे जॉन स्कॉट यांनी १८७१ मध्ये दाखवलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. ए. बार्बर यांनी त्याच्या, यजमानाच्या मुळात शिरणाऱ्या, शोषकमुळांची बारीक रचना अभ्यासली. हेच बार्बर पुढं कोइमतूरच्या ऊससंशोधनामुळे प्रसिद्ध झाले.

इथं एक गल्लत बाजूला काढतो. जंगलात पानांशिवाय उगवणारं प्रत्येक पांढरं-तांबूस फूल मुळावर जगणारं नसतं. काही फुलझाडं मातीतल्या बुरशीकडून अन्न घेतात आणि ती बुरशी झाडाकडून घेते. त्यांना दुसऱ्या वनस्पतीच्या मुळात शिरावं लागत नाही. वरून दोन्ही सारखी दिसतात. फरक कळतो तो खाली, शोषकमूळ आहे की नाही यावरून.

आता सगळ्यांत रंजक प्रश्न: बी यजमानाचं मूळ शोधतं कसं? टारफुला किंवा बंबाखूचं बी तपकिरीच्या चिमटीसारखं बारीक असतं, मिलीमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं. त्यात अन्नसाठा जवळजवळ नाही. बंबाखूच्या गर्भाला तर बीजदलंही नाहीत. अंकुर फुटला तर कोवळं मूळ फार तर काही मिलीमीटर वाढू शकतं. तेवढ्यात यजमान भेटला नाही तर खेळ संपला. म्हणून बी वाट पाहतं. ओल मिळाली तरी उगवत नाही. मातीत मुळाचा विशिष्ट रासायनिक वास पोचला की मगच जागं होतं. हे वाट पाहणं वर्षांनी मोजायचं असतं. टारफुल्याचं बी मातीत दहा-दहा वर्षं जिवंत राहू शकतं.

हा वास नेमका कशाचा, हे पहिल्यांदा १९६६ मध्ये कळलं. अमेरिकेत कापसाच्या मुळांच्या स्रावातून स्ट्रायगॉल नावाचं संयुग वेगळं काढण्यात आलं. गंमत म्हणजे कापूस हा टारफुल्याचा यजमान नाही. मग कापूस हे द्रव्य का सोडतो? आपल्या शत्रूला उठवणारी हाक एखादं झाड मुद्दाम का मारेल? या प्रश्नाला उत्तर मिळायला जवळपास चाळीस वर्षं लागली. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की ही हाक परजीवीसाठी नसतेच. मुळांशी भागीदारी करणाऱ्या, मातीतून फॉस्फरस आणून देणाऱ्या बुरशीला ती बोलावणं असते. बुरशीच्या तंतूंना या द्रव्यानं फांद्या फुटतात. २००८ मध्ये तीच द्रव्यं वनस्पतीच्या स्वतःच्या शरीरात संप्रेरकाचं काम करतात आणि बाजूच्या फांद्या फुटायच्या की नाही हे ठरवतात, हेही दोन स्वतंत्र गटांनी सिद्ध केलं. परजीवी बी फक्त चोरून ऐकत होतं. शेजाऱ्याचा संवाद ऐकून आपली वेळ ठरवणारं हे बी मला वनस्पतींच्या सगळ्या गोष्टींत सर्वांत विस्मयाचं वाटतं.

ऐकायचा कान कुठून आला, तेही २०१५ मध्ये उलगडलं. वनस्पतींत एक जुनं ग्राहक प्रथिन आहे. वणव्यानंतरच्या धुरातली द्रव्यं ओळखून बियांना उगवायला लावणाऱ्या यंत्रणेचा ते भाग आहे. परजीवींच्या पूर्वजांत या प्रथिनाच्या जनुकाच्या अनेक प्रती झाल्या, त्या हळूहळू बदलल्या आणि धुराऐवजी मुळांची हाक ओळखू लागल्या. आफ्रिकेतल्या टारफुल्याच्या एका जातीत असे ११ ग्राहक सापडले. त्यांतला एक इतका तीव्र आहे, की अगदी नगण्य मात्राही त्याला पुरते.

यातून शेतीला एक महत्त्वाची गोष्ट कळली. जमिनीत फॉस्फरस कमी असला की मूळ बुरशीला जास्त जोरानं हाका मारतं, म्हणजे परजीवीलाही जास्त जोरानं ऐकू जातं. टारफुला दुबळ्या जमिनीत जास्त का माजतो, याचं हे एक कारण. सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभ्याची माती फॉस्फरस घट्ट धरून ठेवते, झाडांना सहज देत नाही. तिथल्या झुडपांच्या मुळांवर परजीवी फुलं का सापडतात, याचा विचार या अंगानंही करायला हवा.

अंकुर मुळापाशी पोचला की दुसरी खूण लागते. यजमानाच्या पेशीभित्तिकेशी संबंधित क्विनोन जातीची द्रव्यं अंकुराला सांगतात, की आता वाढ थांबव आणि शोषकमूळ बनव. १९८६ मध्ये अशा पहिल्या द्रव्याची ओळख पटली. मुळाचं टोक फुगतं, त्यावर चिकट केस येतात, मग पेशी यजमानाच्या सालीतून आत घुसत पार जलवाहिनीपर्यंत जातात आणि दोघांच्या नळ्या जोडल्या जातात. अर्धपरजीवी आपली पर्णरंध्रं बराच काळ उघडी ठेवतात, भरपूर पाणी हवेत सोडतात आणि त्या ओढीनं यजमानाचं पाणी आपल्याकडं खेचतात. पूर्णपरजीवींना पानंच नाहीत. ते अन्नवाहिन्यांशीही जोडले जातात आणि साखर थेट घेतात.

या जोडणीतून पाणी-साखरेपलीकडं बरंच काही वाहतं. अमेरिकेच्या पश्चिमेला सेजब्रशच्या, म्हणजे आर्टेमिसियाच्या, झुडपी माळांवर कॅस्टिलेजा नावाचं लालभडक अर्धपरजीवी फूल दिसतं. वायोमिंग राज्याचं ते राज्यफूल आहे. त्याच्या टेक्सासमधल्या एका भाऊबंदावर २००० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला आजही आदर्श वाटतो. ल्युपिन या कडू, अल्कलॉइड असलेल्या झाडावर वाढलेल्या कॅस्टिलेजाच्या अंगात ते कडू द्रव्य आलं, किडींनी त्याला कमी खाल्लं आणि बी जास्त धरलं. गोड ल्युपिनवर वाढलेल्यांना हे संरक्षण मिळालं नाही. परजीवीनं यजमानाचं अन्न घेतलं, त्याबरोबर त्याचं चिलखतही घेतलं. जनुकंही या वाटेनं येतात: आफ्रिकी टारफुल्याच्या केंद्रकात ज्वारीच्या घराण्यातून आलेलं एक जनुक २०१० मध्ये सापडलं.

आणि काय काय सोडून दिलं? हिरवेपण गेलं की त्याची यंत्रणा जनुकसंचात ओझं होते. बीच वृक्षाच्या मुळांवर जगणाऱ्या एपिफॅगसच्या हरितलवकाचा सगळा जनुकसंच १९९२ मध्ये वाचला गेला. साध्या हिरव्या वनस्पतीत तो दीड लाख अक्षरांच्या आसपास असतो, एपिफॅगसमध्ये सत्तर हजार उरला होता, आणि प्रकाशसंश्लेषणाची जनुकं जवळजवळ सगळी गेली होती. हिड्नोराच्या एका जातीत तो सत्तावीस हजारांवर आला. अरुणाचलच्या जंगलात वेलींच्या मुळांवर उगवणाऱ्या, रॅफ्लेशियाच्या नात्यातल्या सॅप्रियात तर हरितलवकाचा जनुकसंच सापडतच नाही. २०२१ मध्ये तिचा संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर दिसलं, की इतर फुलझाडांत हटकून असणाऱ्या जनुकांपैकी ४४ टक्के तिनं गमावली आहेत. परजीवी म्हणजे आळशी, असं सहज म्हटलं जातं. जनुकसंच वाचणाऱ्याला ते पटणार नाही. एवढं टाकून देऊन जगणं ही फार अवघड कारागिरी आहे, आणि एक हिसका लागला तर मागं फिरायची सोय नाही.

झुडपांवरच्या परजीवींची फुलं हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. हिड्नोराचं फूल उमलताना त्याच्या मांसल पाकळ्या टोकाशी जोडलेल्या राहतात, बाजूला फटी पडतात. आतून कुजलेल्या मांसाचा, विष्ठेचा वास येतो. भुंगेरे आत शिरतात आणि काही काळ अडकून पडतात, तोवर परागकण त्यांच्या अंगाला लागतात. पुढं फूल पूर्ण उघडतं आणि ते मोकळे होतात. फळ जमिनीखाली पिकतं. कोल्हे आणि साळिंदर ते उकरून खातात आणि बी पसरवतात.

भूमध्य समुद्राभोवतीच्या खडकाळ उतारांवर सिस्टस नावाची झुडपं आहेत आणि त्यांच्या मुळांवर सायटिनस. ही वनस्पती वर्षातला बहुतेक काळ यजमानाच्या मुळाच्या आत तंतूंच्या रूपात दडलेली असते. फक्त वसंतात जमिनीलगत पिवळ्या-तांबड्या फुलांचा गुच्छ बाहेर येतो. गणाच्या दृष्टीनं ती कापूस-भेंडीच्या वर्गातली आहे, पाहून कुणाचा विश्वास बसणार नाही. स्पेनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की हिच्या फुलांवर येणाऱ्यांत मुंग्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे आणि परागीभवन मुख्यतः त्याच करतात. मुंग्यांनी परागीभवन होणं फुलझाडांत फार दुर्मीळ. पुढं हेही निष्पन्न झालं, की एका काळ्या भुंगेऱ्यानं तिचं फळ खाल्लं की बी त्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं. सायटिनसच्या वेगवेगळ्या यजमान-झुडपांवरच्या वस्त्या आनुवंशिकदृष्ट्याही वेगळ्या निघाल्या. यजमान वेगळा की परजीवीची जातच हळूहळू वेगळी होऊ लागते. एका जातीचं फूल जपलं असं म्हणताना आपण नेमकं काय जपलं, याचं उत्तर त्यामुळे इतकं सोपं राहत नाही.

माणसानं या वनस्पतींशी नातं जोडलं ते प्रामुख्यानं वाळवंटात. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या सोनोरा वाळवंटात फोलिस्मा नावाची वनस्पती वाळूच्या टेकड्यांत राहते. वर दिसतं ते वाळूवर टेकलेलं, बारीक जांभळ्या फुलांचं गोल डोकं; खाली मात्र मऊ, रसाळ खोड झुडपाच्या मुळापर्यंत दीड-दोन मीटर खोल गेलेलं असतं. तिथले ओओदम लोक ते खोड खणून काढून कच्चं किंवा भाजून खात. पाणी नसलेल्या मुलखात ते अन्न आणि पाणी दोन्ही होतं. एसा ग्रे यांनी १८५४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा ही जाण आधीपासूनच त्या लोकांकडं होती.

चीनच्या वायव्येकडच्या वाळवंटात सिस्टँकी डेझर्टिकोला सॅक्सॉल या झुडपाच्या मुळांवर वाढते. चिनी औषधीपरंपरेत तिला मोठं मोल आहे. त्या मोलापायी रानातली झाडं इतकी उकरली गेली, की २००० साली तिला आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावं लागलं. पुढं काय झालं, ते लक्ष देण्याजोगं आहे. इनर मंगोलियात वाळू अडवण्यासाठी सॅक्सॉलची लागवड होतच होती. त्या झुडपांच्या मुळांशी सिस्टँकीचं बी घालायची पद्धत बसली आणि शेतकऱ्याला झुडूप लावण्याचा आर्थिक मोबदला मिळू लागला. झिंज्यांगमध्ये तिची बहीण सिस्टँकी ट्युबुलोसा टॅमरिक्सच्या मुळांवर लावतात. २००५ मध्ये चीनच्या औषधसंहितेनं तिलाही मान्यता दिली. हीच बहीण आपल्या कच्छमध्येही आहे. खारट माळावर, पिलू आणि रुईच्या जवळपास तिचे पिवळेधम्मक, जाड तुरे जमिनीतून थेट वर येतात. तिथं ती पाहिली की परजीवी या शब्दाला चिकटलेली हीनतेची छटा गळून पडते.

चंदनाच्या शेतकऱ्याला यजमानाचं महत्त्व सांगावं लागत नाही. रोपवाटिकेत चंदनाच्या पिशवीतच तूर लावतात, कारण एकटं रोप खुरटतं. शेतात नेल्यावर तूर वर्ष-दोन वर्षांत संपते, मग सुरू किंवा दुसरं टिकाऊ झाड जवळ असावं लागतं. तुरीचं झुडूप आधी सोबत देतं आणि मोठं झाड पुढं सांभाळतं. परजीवी वनस्पती लावायची म्हणजे तिचा यजमान आधी लावायचा, ही गोष्ट विद्यापीठाच्या ग्रंथांपेक्षा रोपवाटिकेतल्या माळ्याला जास्त नेमकी कळलेली असते.

आता शेतातल्या तणाकडं वळतो, कारण तिथं विज्ञानानं खरंच मोठं काम केलं आहे. इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी टारफुल्याला दाद न देणारे ज्वारीचे वाण तयार केले आणि त्यासाठी त्यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यातल्या प्रतिकाराचं एक कारण २०१७ मध्ये समजलं: एका जनुकात बदल झाल्यामुळे ज्वारीच्या मुळांनी मारलेल्या हाकेचं रासायनिक रूप बदलतं आणि टारफुल्याचं बी तितकंसं उठत नाही. केनियात झेयाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या ओळींत डेस्मोडियम लावायची पद्धत रुळवली. डेस्मोडियमची मुळं टारफुल्याचं बी उठवतात, पण त्याला मक्याच्या मुळाशी जोडू देत नाहीत. उठलेलं बी उपाशी मरतं. लाखो गरीब शेतकऱ्यांच्या ताटाशी जोडलेल्या या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण याच टारफुल्याचं एक जवळचं नातं आपल्या डोंगरात आहे. क्रिस्टिसोनिया ही प्रजाती पश्चिम घाट, श्रीलंका आणि पूर्वेकडच्या देशांत आढळते. श्रीलंकेतल्या पेरादेनिया उद्यानाचे प्रमुख जॉर्ज गार्डनर यांनी १८४७ मध्ये तिला एडिंबरोचे विषवैद्यकतज्ज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन यांचं नाव दिलं. बिनहिरवी, पानांऐवजी खवले, पावसाळ्यात जमिनीतून गुच्छानं येणारी नळीसारखी फुलं, असं तिचं रूप. दिसायला ती बंबाखूच्या घरची वाटते आणि बरीच वर्षं तिला तसंच समजलं जाई. डीएनए मात्र सांगतो, की ती आणि गवताच्या मुळांवरची तिची सखी एजिनेशिया या दोघी टारफुल्याच्या शाखेत बसतात. म्हणजे हिरवेपण सोडण्याची पायरी या कुळात एकापेक्षा अधिक वेळा ओलांडली गेली. ज्या शाखेतल्या तणावर जगभर शेकडो शोधनिबंध आहेत, त्याच शाखेतल्या आपल्या रानफुलाच्या वाट्याला वर्णन, चित्र आणि जागेची नोंद यांपलीकडं फारसं काही आलेलं नाही.

क्रिस्टिसोनियाच्या अनेक जातींचा यजमान म्हणजे स्ट्रोबिलँथस, आपली कारवी आणि तिच्या बहिणी. इथं हा विषय एकदम वेगळ्या उंचीवर जातो. कारवीच्या काठ्यांचे कुड लिंपून सह्याद्रीतल्या कितीतरी घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. ती वर्षानुवर्षं पानांवर राहते आणि मग डोंगराचे उतारच्या उतार एकाच पावसाळ्यात जांभळे होतात. सात वर्षांनी, असं लोक सांगतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मात्र २००८ नंतर २०१६ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी, ती फुलली. निलगिरीतली नीलकुरिंजी १२ वर्षांनी फुलते, २००६ नंतर २०१८ मध्ये. फुलून बी धरलं की कारवी मरते. वाळलेली फळं तशीच राहतात आणि पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींनी तडतड फुटून बी उडवतात.

मग तिच्या मुळांवर जगणाऱ्या फुलाचं काय होत असेल? टारफुल्याचा यजमान दरवर्षी मरतो आणि दरवर्षी पेरला जातो. सिस्टस किंवा सॅक्सॉल सहसा वर्षानुवर्षं टिकतं. कारवी या दोन्ही चौकटींत बसत नाही. ती वर्षानुवर्षं भरवशाची असते आणि एका उन्हाळ्यात सगळी, एकदम, सुकते. एखाद्या परजीवीसाठी यापेक्षा मोठा दुष्काळ कल्पनेत येत नाही. तीन वाटा संभवतात. एक, त्याचं बी टारफुल्यासारखं मातीत वाट पाहतं आणि कारवीच्या नव्या रोपांच्या मुळांनी हाक मारल्यावर उठतं. दोन, ते मधली वर्षं दुसऱ्या यजमानावर काढतं, जवळच्या दुसऱ्या स्ट्रोबिलँथसवर किंवा बांबूवर. तीन, एका डोंगरावरची वस्ती संपते आणि ज्या डोंगरावर कारवीचं वेळापत्रक वेगळं आहे तिथून बी पुन्हा येतं. तिसरी वाट खरी असेल, तर डोंगरांमधली सलगता हाच त्या फुलाचा प्राण ठरेल आणि मध्येच फोडलेला एक घाटरस्ता किंवा सपाट केलेला एक सडा त्याला पुरेल.

हे ठरवण्यासाठी फार महागडी यंत्रणा लागत नाही. शेतातल्या तणांवर काम करणाऱ्यांनी पद्धती तयार ठेवल्या आहेत. बारीक जाळीच्या नायलॉनच्या पिशव्यांत बी भरून ते मातीत पुरतात, दरवर्षी काही पिशव्या उकरून काढतात आणि किती बी जिवंत आहे ते तपासतात. मातीच्या नमुन्यातून परजीवीच्या बियांचा डीएनए ओळखून त्यांची संख्याही काढता येते. खणून मूळ तोडण्याऐवजी, शोषकमूळ जिथं जुळलं आहे तिथला नखाएवढा तुकडा घेतला तरी त्यात यजमानाचा डीएनए मिळतो आणि यजमान कोण ते निश्चित होतं. वनस्पतिसंग्रहालयातल्या नमुन्यांच्या कागदांवर यजमानाच्या नावाची जागा अनेकदा कोरी असते, कारण गोळा करणाऱ्यानं फूल उपटलं तेव्हा जोडणी मातीतच राहिली. ती जागा आता भरता येण्यासारखी आहे.

दोन-तीन डोंगर निवडावेत, ज्यांच्यावरची कारवी वेगवेगळ्या वर्षी फुलते. प्रत्येकावर ठरावीक चौकटी आखून श्रावण ते आश्विन परजीवी फुलांची दरसाल मोजणी व्हावी, आणि तीही कारवीच्या एका पूर्ण फेऱ्यापुरती, फुलोऱ्याच्या वर्षापुरती नव्हे. फुलोऱ्याच्या वर्षी गर्दी सगळ्यांचीच होते, खरी माहिती मधल्या हिरव्या वर्षांत आणि कारवी मेल्यानंतरच्या पहिल्या दोन पावसाळ्यांत आहे. बियांच्या पिशव्या मात्र कारवी फुलण्याच्या आधीच्या वर्षीच पुराव्या लागतील, म्हणजे जुन्या कारवीची शेवटची मुळं आणि नव्या रोपांची पहिली मुळं, दोन्ही त्या बियांच्या आसपास असताना त्या उघडता येतील.